तात्यांचा दुसरा भोंगा

तात्यांना कोणी सुभेदार म्हटलं की ते हातातलं काम थांबवायचे. चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "हवालदार. सुभेदार न्हवं." मग चष्मा खाली आणि काम पुन्हा सुरू. लग्नाच्या पत्रिकेत त्यांच्या नावामागे सुभेदार छापून आलं तर ते पेनानं खोडून वर हवालदार लिहायचे आणि मगच ती पत्रिका खिळ्याला अडकवायचे. पत्रिका घरच्या लग्नाची असली तरी. मला सुरुवातीला वाटलं, काय विनयशील माणूस आहे. विनयाचा आणि तात्यांचा काही संबंध नव्हता. जे नाही ते आहे म्हटलेलं त्यांना सोसायचं नाही, एवढंच.

मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची गल्ली आहे. तिथल्या एका दुकानाच्या माडीवर तात्यांचं वर्कशॉप होतं. खाली तंबोरे, वर तात्या, आणि गच्चीवर वाळत घातलेले भोपळे. मी इस्लामपुरात डिप्लोमा करून, वर्गात दुसरी आल्याचा तोरा घेऊन तिथे नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं की इथे रेडिओ दुरुस्त होत असतील. तात्या फौजेत वायरलेस सेट दुरुस्त करत होते हे ऐकलं होतं. प्रत्यक्षात टेबलावर हाताच्या पंजाएवढे कॉम्प्युटर पडलेले. एकाच पट्टीवर सगळं बसवलेले, उघडेनागडे बोर्ड. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एकेका गावाचं नाव. कुठला द्राक्षबागेची हवा मोजायला जाणार, कुठला पाणीपुरवठ्याच्या टाकीवर, कुठला नदीकाठी पाणी वाढलं की भोंगा वाजवायला. आणि या सगळ्यांच्या पोटात लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ व्यवस्था, घालणारा माणूस दहावी पास, पायात स्लीपर, घड्याळ उजव्या मनगटावर आतल्या बाजूला.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक बोर्ड दिला. "ह्याला जिवंत कर." मी इंटरनेटवरून तयार लिनक्स उतरवून घेतलं, मेमरी कार्डावर चढवलं, अर्ध्या तासात पडद्यावर रंगीत चित्र आणून दाखवलं. फुशारकीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"ह्यात काय काय हाय?" त्यांनी विचारलं.

"सगळं आहे तात्या."

"सगळं म्हंजी काय? नावं सांग."

मला दहासुद्धा सांगता येईनात. मग त्यांनी स्वतः एकेक उघडून दाखवायला सुरुवात केली. गाणी वाजवायची सोय होती. पत्ते खेळायची सोय होती. छपाईयंत्राची अख्खी व्यवस्था होती. "नदीवर छपाई करायची हाय व्हय गं?" ते अगदी गंभीरपणे म्हणाले. खालून तंबोरेवाले हसले. माडीवरचं सगळं खाली ऐकू जायचं, ही त्या घराची आणखी एक सोय.

त्या दिवसापासून माझं खरं शिक्षण सुरू झालं. रिकाम्या जागेपासून. आधी त्या बोर्डासाठी लिनक्सचा गाभा स्वतः बांधायचा, त्यातलं नको ते काढायचं. मग त्याभोवती लागतील तेवढ्याच फायली. मग बोर्ड चालू झाल्यावर कोणी आधी उठायचं, कोणी नंतर, याचा क्रम. हे सगळं मिळून कार्डावर उतरवायची एक फाईल तयार होते, तिला इमेज म्हणतात. तात्यांचा नियम असा की इमेजमध्ये जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव वहीत हातानं लिहायचं आणि पुढे लिहायचं, हिला कोणी बोलावलं. संध्याकाळी ते वही उघडून बसत. एका नावावर बोट ठेवून विचारत, "ह्यो कुणाचा पाव्हणा?" अमुक प्रोग्रामला हा लागतो, असं मी सांगायची. "मग त्यो अमुक कुणाचा?" असं करत करत बोट भोंग्यापर्यंत नाहीतर सेन्सरपर्यंत पोचलं तर तो पाहुणा राहायचा. मध्येच कुठे माझी ततपप झाली की तो पाहुणा बाहेर. लग्नघरातला एखादा खडूस चुलता दारात उभा राहून पाहुणे मोजतो ना, तसं. मला राग यायचा. मी वहीत त्यांचं चित्रही काढलं होतं, मिशांसकट. ते त्यांना सापडलं. त्यांनी चित्रावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कुणाचा?"

तीन महिन्यांत माझी इमेज चाळीस एमबीच्या आत आली आणि तिच्यातली प्रत्येक फाईल मला भाऊबंदांसारखी ओळखता यायला लागली.

इमेज तयार झाली की परीक्षा. तात्या स्विच दाबायचे, पाठ फिरवायचे आणि परेडची ठोक पावलं टाकत गच्चीच्या कठड्यापर्यंत जायचे, भोपळ्यांच्या मधून. कठड्याशी पोचून मागे वळेपर्यंत बोर्डाचा हिरवा दिवा लागला पाहिजे. माझ्या पहिल्या इमेजच्या वेळी ते कठड्याशी पोचले, वळले, परत आले, चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तेव्हा कुठे दिवा लागला. त्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

यानंतरची परीक्षा प्लग ओढण्याची. बोर्ड नीट बंद करायचा नाही, चालू असताना सरळ प्लग ओढायचा. पुन्हा लावायचा, पुन्हा ओढायचा. पन्नास वेळा. आमच्याकडे लाईट काही सांगून जात नाही, तेव्हा तिच्या जाण्याची सवय बोर्डाला लहानपणीच लागली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माझं कार्ड सतराव्या वेळी मेलं. मी कारण शोधत दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी ते पाटीवर खडूनं काहीतरी लिहीत असताना म्हणाले, "माझा हात वढ." मी ओढला. अक्षराची रेघ पाटीभर गेली. मग लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून ती वाचायला लागले. "आता वढ." मी ओढला. ओळ जशीच्या तशी. "कार्डावर लिवायचं न्हाई. फकस्त वाचायचं. लिवायचंच झालं तर बारका कोपरा राखून ठिव, त्यो गेला तरी चालंल असा." इंग्रजी पुस्तकांतल्या कित्येक पानांनी मला जे शिकवलं नव्हतं ते त्या एका रेघेनं शिकवलं.

पुस्तकांवरून आठवलं. तात्यांकडे एक काळी फौजी पेटी होती, हिरव्या अक्षरात त्यांचा नंबर रंगवलेली. तिच्यात कपडे नव्हते, छापून घेऊन दोऱ्यानं शिवलेली लिनक्सची कागदपत्रं होती. पानापानावर पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहिलेले. निवृत्त झाल्यावर शब्दकोश मांडीवर घेऊन, ओळीवर बोट फिरवत, मोठ्यानं वाचत त्यांनी ते सगळं संपवलं होतं. सहा वर्षं लागली म्हणाले. मी इंग्रजी फाडफाड वाचायची आणि मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. ते अडखळत वाचायचे आणि त्यांनी वाचलेलं कधी हललं नाही. एकदा ते माझ्याकडे पाठ करून भाकरी खात होते. मी मागे एक बोर्ड चालू केला. त्यावरचा रिले, म्हणजे विजेचा छोटा स्विच, 'टक' करून वाजला. मान न वळवता ते म्हणाले, "त्याला त्याची फायलींची जागा घावली न्हाई." मी तारा जोडून बोर्ड काय म्हणतोय ते पडद्यावर पाहिलं. शेवटच्या ओळीत तेच लिहिलेलं होतं. रिले वाजायला उशीर किती झाला, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं. मी त्या दिवशी जेवले नाही. भूकच लागली नाही, असं काही बघितल्यावर.

आता माझ्या गावाचं सांगते. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या अगदी काठावर. उतारावर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी बसवलेल्या असतात. पावसाळ्यात नदी चढायला लागली की त्या बोल्ट सोडवून, दोर बांधून ट्रॅक्टरनं वर ओढून काढायच्या, हे दरवर्षीचं काम. आमच्या गल्लीतल्या मोटारी काढण्यात माझा थोरला भाऊ पुढे असायचा. पाणी किती वेगानं चढतंय याचा अंदाज त्याला आहे, असं सगळे मानत. तोही मानायचा. आदल्या वर्षी मात्र तो छातीएवढ्या पाण्यात अडकला आणि दोघांनी दोर टाकून त्याला काढला. आईनं तेव्हापासून नीट जेवण टाकलं होतं. म्हणून मीच तात्यांना म्हटलं, आमच्या गावासाठी पाण्याची पातळी बघून भोंगा वाजवणारी पेटी करू या.

तात्या माझ्याबरोबर गावात आले, बैठकीत बसले. सरपंच म्हणाले, पाणी खुणेला लागलं की भोंगा वाजवा, म्हणजे आम्ही मोटारी काढायला जाऊ. एवढंच पाहिजे.

"त्यो एक झाला," तात्या म्हणाले. "दुसरा बी वाजंल. पाणी लय जोरात चढाय लागलं की. तुटक वाजंल. त्यो वाजला की मोटारी टाकायच्या आन् वर यायचं."

लोक हसले. दादा सगळ्यात मोठ्यानं. "आवं तात्या, खाली गेल्यावर मोटार सोडून कोण वर येतंय?"

"त्योच इचार करून त्यो भोंगा बसवाय लागलोय," तात्या म्हणाले आणि चहा मागितला.

ती पेटी मी केली. इमेज सगळी माझी, वही माझी. पाण्याच्या टाकीखालच्या विहिरीवर, नदीकडे तोंड करून सेन्सर बसवला, वर भोंगा, शेजारी बॅटरी. लाईट गेली की पेटी बॅटरीवर जायची, तेवढ्या क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. हे ठरवूनच धरलं होतं. वर्कशॉपमध्ये पन्नासदा प्लग ओढला, पन्नासदा दिवा लागला, तात्या कठड्यापर्यंत पोचायच्या आत. मग जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी गावात कार्यक्रम. सरपंच नारळ घेऊन उभे. मी सगळ्यांसमोर वीज काढली, पुन्हा दिली, दिवा लागला, भोंगा दोन्ही तऱ्हांनी वाजला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आई काठावर उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

सरपंचांनी नारळ उचलला आणि तात्या म्हणाले, "थांबा."

ते माझ्याकडे वळले. "तुजा फोन दे."

मी दिला. त्यांनी तो दादाच्या हातात ठेवला. "ह्यो घिऊन गावात जा. पार देवळापातूर. मी हाक मारस्तवर येऊ नगंस."

दादा गेला. तात्यांनी वीज काढली आणि पुन्हा दिली. आम्ही सगळे दिव्याकडे बघत उभे. दिवा लागला नाही. मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. सरपंचांच्या हातातला नारळ तसाच वर. मला कानात नुसता नदीचा आवाज येत होता. दहा मिनिटांनी तात्या म्हणाले, "पेटी तयार न्हाई. चूक आमच्या वर्कशॉपची हाय. चार दिस द्या." आमच्या वर्कशॉपची म्हणाले. हिची म्हणाले नाहीत.

चूक माझी होती आणि मला ती तिथेच, उभ्या उभ्या कळली. अगदी पहिल्या आठवड्यात, कामाला सोपं जावं म्हणून मी माझ्या फोनच्या इंटरनेटचं नाव आणि पासवर्ड इमेजमध्ये घालून ठेवला होता. वहीत लिहिला नव्हता. त्यात काय लिहायचं, असं वाटलं होतं. मग पाणी किती वेळात किती चढलं हे काढणाऱ्या माझ्या प्रोग्रामला मी घड्याळ लावलं, आणि त्या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नसतं, तो सुरू झाला की इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. वेळ मिळेपर्यंत प्रोग्राम थांबून राहायचा. मी जिथे जिथे पेटी तपासली तिथे तिथे माझा फोन माझ्या पर्समध्ये होता, हे माझ्या आधी तात्यांच्या लक्षात आलं. पेटी दर वेळी मला विचारून जागी होत होती. आणि महापुरात आमच्या गावचा मोबाईलचा टॉवर सगळ्यात आधी बंद पडतो, हे गावात जन्मलेल्या मला कोणी सांगायला नको होतं.

परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. तात्यांनी रडू दिलं. आष्टा गेल्यावर म्हणाले, "वाढ मोजायला आज तारीख किती हाय ते कशाला पायजे?"

मी डोळे पुसून त्यांच्याकडे वळले.

"उठल्यापास्नं किती येळ झाला, तेवढं बास हाय की. तेवढं तिचं तिला कळतंय."

खरंच होतं. बोर्ड सुरू झाल्यापासूनचे सेकंद स्वतःशी मोजतच असतो. कोणाला विचारावं लागत नाही. मी दोन दिवसांत प्रोग्राम बदलला, फोनचं नाव काढलं, इंटरनेटची वाट बघणारी ओळ काढली. पेटीला तिचं स्वतःचं सिम दिलं; टॉवर आहे तोवर निरोप पाठवायचा, नसला तर नसू दे. वही पहिल्या पानापासून नवीन लिहिली. तात्यांच्या पद्धतीप्रमाणे एकसारखे दोन बोर्ड केले, एक गावाला आणि एक इथे ठेवायला. चौथ्या दिवशी आम्ही पेटी बसवून आलो. माझा फोन मी मिरजेतच ठेवून गेले होते.

ऑगस्टमध्ये धरणाचे दरवाजे उचलले. सकाळी नऊला पेटीचा निरोप वर्कशॉपमध्ये आला, पहिला भोंगा वाजला. दादाला फोन केला, तो घाईत होता. "सात जण चाललोय खाली. ठिव आता." साडेदहापर्यंत दर पाच मिनिटांनी पाण्याचा आकडा येत होता. मग आकडे थांबले. दादाचा फोन लागेना. सरपंचांचा लागेना. टॉवर गेला की पेटी गेली, कळायला मार्ग नव्हता. पुलांवर पाणी आलेलं, जाणार कुठून? मी तात्यांना विचारलं, "तात्या, पेटी चालू असेल ना?"

"म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. थोडं खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

ते उठले. कपाटातून दुसरा बोर्ड काढला, गावाकडच्या पेटीचा जुळा. त्याच इमेजचं कार्ड त्यात घातलं. माझा फोन आणि स्वतःचा फोन खाली तंबोरेवाल्यांकडे नेऊन दिला, काही वाजलं तर हाक मारा म्हणून सांगितलं. मग येऊन बसले आणि प्लग ओढला. लावला. दिवा लागला. "आली," ते म्हणाले. पुन्हा ओढला. लावला. "आली."

"तात्या, हे कशाला आता?"

"तिकडचं दिसत न्हाई. हिकडचं दिसतंय तेवढं बघू."

अकरा वाजल्यापासून ते ओढत होते आणि लावत होते. पन्नास झाले, शंभर झाले, मी मोजायचं सोडलं. साडेबाराला भाकरी खायचा त्यांचा नेम होता. त्या दिवशी डबा उघडला नाही. प्रत्येक वेळी तेवढाच वेळ, तेवढीच बोटं, आणि हिरवा दिवा लागला की तोच एक शब्द. हळूहळू माझं रडं थांबलं. मी त्यांच्या हाताकडे बघत बसले. देव पाण्यात घालून बसणारी माणसं मी पाहिली आहेत. हा माणूस काही मागत नव्हता. आपण केलेलं काम खरं आहे की नाही एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि दर वेळी उत्तर खरोखर ऐकत होता. एवढ्या मोठ्या माणसाजवळ मी पुन्हा कधी बसले नाही.

तीन वाजून गेल्यावर खालून हाक आली. मी जिन्यावरून जवळजवळ पडतच गेले आणि फोन घेऊन वर आले. दादा होता, मावशीकडून बोलत होता, वरच्या आळीहून. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"आमी हाय सगळी," तो म्हणाला. "मोटार गेली, तायडे."

"किती व्हतासा खाली?" तात्यांनी विचारलं.

"सात."

"वर किती आलासा?"

"सातबी आलो तात्या. आवं पर मोटार गेली माझी. निम्मी सुटलीती. लाईट गेली, भोंगा बंद झाला, म्हणलं बरं झालं, गप झालं. तवर लगीच सुरू झालं, तुटक तुटक. बाकीची सहा गेली वर. मला हाका मारत्यात. मी म्हणलं, थांबा रं, दोनच बोल्ट राहिल्यात. त्ये भोंगं काय थांबंना. कान फुटाय लागलं. शेवटाला शिवी दिली, पाना फेकला आन् आलो वर. टाकीपशी येऊन मागं बघतोय तर..."

"तर काय?" मी विचारलं.

"मोटारीचा पाया बी दिसंना गं. दोनच बोल्ट राहिलतं."

मी फोन बोर्डाशेजारी ठेवला. फोनमधून मावशीच्या घरातला गलका ऐकू येत राहिला, कोणीतरी दादाला ओल्या कपड्यांवरून रागावत होतं.

मी तात्यांकडे पाहिलं. प्लग त्यांच्या हातात होता. चार तास मी त्या हाताकडे बघत होते, त्यात तो एकदाही चुकला नव्हता. आता त्यांना प्लग भोकात बसवता येत नव्हता. दोनदा प्रयत्न करून त्यांनी तो तसाच धरून ठेवला. मी उठले, त्यांची बोटं एकेक करून उघडली आणि प्लग काढून घेतला.